गार गुळपाणी

बेरखेडी, जिल्हा मुजफ्फरनगर
सोमवार, १६ फेब्रुवारी १९९८

चिरंजीव ओमवीर,

तुला भाभीचे अनेक आशीर्वाद. इथं सगळे खुशाल आहेत, तूही पानिपतात खुशाल असशील. खरं म्हणजे इथं सगळे खुशाल नाहीत. पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते असं तूच मला शिकवलं होतंस, तेव्हा केली. अक्षर वाकडं आलं तर माझ्यावर हसू नकोस. तिसरीत शिकणाऱ्या तुझ्यासारख्या मास्तरानं चुलीपुढं बसवून शिकवलेली अक्षरं याहून सरळ यायची नाहीत.

तुझं कार्ड शुक्रवारी आलं. कार्डावर उघडं लिहिलेलं, म्हणजे टपालवाल्यानं वाचलं, वाटेत दुकानदारानं वाचलं आणि शेवटी तुझ्या भैयांनी वाचलं. मग मी. "अम्मा गेली. आता माझं तिथं कोणी नाही. माझा अकरा बिघ्यांचा हिस्सा हरफूल ताऊंना लिहून देतो. होळी झाल्यावर वीस मार्चला तहसिलीत येईन. भैयांनी सहीला यावं. गावात येणार नाही."

कोणी नाही? मग मी काय गोठ्यातली खुंटी आहे का रे? मी या घरात आले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, नाक गळत होतं, आणि सगळ्या बायका माझं तोंड बघायला जमल्या असताना तू घुंगटात डोकं घालून "मला खायला काय आणलंस?" म्हणून विचारलं होतंस. तुझे कपडे मी धुतले, तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्या. आणि आता कोणी नाही.

अम्माचं सांगते. माघाच्या थंडीत तिची छाती भरली. डॉक्टर आणला, सुया झाल्या. शेवटचे चार दिवस अन्न नाही, नुसतं दुधाचं पाणी. ती रोज सकाळी विचारायची, "ओमी आला का?" मी म्हणायचे, "निघालाय." चौथ्या दिवशी तिनं विचारलं नाही, तेव्हाच मी समजले. तेराव्याला सगळं गाव जेवलं, पुऱ्या-भोपळ्याची भाजी, बुंदी. तुझी वाट बघून तुझं पान संध्याकाळी गाईला घातलं. मी तुला बोल लावत नाही. तू का आला नाहीस ते मला माहीत आहे. या गावात तू पाय कोणत्या तोंडानं ठेवायचा, असंच तुला वाटलं असणार.

पण जमीन देऊ नकोस, ओमवीर. त्यातून हरफूल ताऊला, गावचा वडीलधारा असला तरी, नकोच.

तुला बाकीचं गाव कसं आहे ते सांगते. तुझ्या पुतणीचं, मिथलेशचं लग्न ठरत आलंय, पाहुणे होळीच्या आधी येतील. मुलगा शामलीत बिजलीच्या खात्यात आहे. भुरी म्हैस व्यायली, पारडी झाली, तुझे भैया खूश आहेत. पिकाचं म्हणशील तर यंदाही सगळ्यांनी युरियाच्या गोण्याच ओतल्या. आधी दोन पुरायच्या, आता तीन लागतात, आणि पुढल्या वर्षी चौथी लागेल असं सगळे आत्ताच म्हणतात. शेणखत कुणी घालत नाही, शेणाच्या गोवऱ्या होतात. हरफूल ताऊंचा गहू काळा हिरवा, कमरेएवढा झाला आणि मागल्या आठवड्यातल्या वाऱ्यात सपाट झोपला. फावडं मारलं तर ढेकूळ दगडासारखं निघतं. तू चार वर्षांपूर्वी जे बोलायचास तेच सगळं झालंय, पण तुझं नाव कुणी काढत नाही.

अम्माचा अर्धा बिघा मात्र उभा आहे. तिनं कार्तिकात स्वतः पेरला होता, कंबर धरून. तिथला गहू दर वर्षीच बरा येतो. का येतो, ते तू समोर आलास की सांगीन.

त्या वर्षाबद्दल लिहायला मी बसलेली नाही. झालं ते झालं. तुझ्या भैयांना मी किती वेळा म्हटलं की भावाला आणायला जा. ते म्हणतात, "तोंड काळं करून गेलाय, स्वतः धुऊन येईल." त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे.

वीस तारखेच्या आधी एकदा ये. गावात नको तर कालव्याच्या पुलावर ये, मी चारा आणायच्या निमित्तानं येते. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती पत्रात मावायची नाही.

जेवत जा. गिरणीत रात्रपाळी घेऊ नकोस, तुझे डोळे लहानपणापासून नाजूक आहेत.

तुझी भाभी,
जगरोशनी

*

बेरखेडी
गुरुवार, ५ मार्च १९९८

चिरंजीव ओमवीर,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही. सतरा दिवस झाले. आधी वाटलं टपाल हरवलं असेल, मग वाटलं तू वाचून चुलीत घातलं असशील. भैयांनी काल अंगरखा धुवायला टाकला, तहसिलीत जायचा. पंधरा दिवस राहिले.

म्हणून जी गोष्ट पत्रात मावणार नाही म्हटलं होतं, ती आता पत्रातच घालते. तू ती बसून वाच. उभ्यानं वाचू नकोस.

तुझी पद्धत चुकली नव्हती. पुड्याही खराब नव्हत्या. कृषी केंद्राच्या लोकांना गावानं शिव्या दिल्या, त्यांचाही काही दोष नव्हता. दोष माझा होता.

आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर मी पुन्हा म्हशीवर जाईन.

तू दोन वर्षं त्या केंद्रात ये-जा करत होतास. घरी यायचास तेव्हा तुझ्या तोंडात दुसरं काही नसायचं. "भाभी, नुसता युरिया म्हणजे बाजारातलं खाणं. नुसतं शेणखत म्हणजे घरची भाकरी, पण ती एवढ्यांना पुरत नाही. दोन्ही घाला, युरिया निम्मा करा, आणि ही पुडी बियाला चोळा." पुडी काळी, कोळशाच्या भुकटीसारखी. मी विचारलं, "यात काय आहे?" तू म्हणालास, "जीव आहेत. डोळ्याला न दिसणारे. हवेतलं घेऊन मुळाला देतात." मी म्हटलं, "मग पाहुणेच की. चहा ठेवू का?" तू किती हसलास! म्हणालास, "चहा नको. गार गुळपाणी. भाभी, गार बरं का. गूळ पाण्यात उकळायचा, आणि अगदी विहिरीच्या पाण्यासारखा गार झाला की मगच पुडी घालायची. गरम पडलं तर सगळे मरतील." तीनदा सांगितलंस. मी म्हटलं, "आता चौथ्यांदा सांगितलंस तर तुझ्याच डोक्यावर ओतीन."

बारा घरं तू राजी केलीस. एकेक घर महिना-महिना समजावून. हरफूल ताऊ सुद्धा कुरकुरत तयार झाले. प्रत्येकाचा एक एकर. शेणखत तू स्वतः त्यांच्या खड्ड्यांत हात घालून बघितलंस, कच्चं आहे की कुजलंय. आणि बियाला पुडी चोळायचं काम तू दुसऱ्या कुणावर टाकलं नाहीस. "सगळ्यांचं बी आमच्या अंगणात, सावलीत. आमच्या भाभीच्या हाताला चूक माहीत नाही," असं तू चौपालावर, सगळं गाव बसतं तिथं, म्हणालास. मला ते अम्मानं येऊन सांगितलं. मी दिवसभर फुगून फिरत होते.

पेरणीच्या दिवशी तू पहाटेच केंद्रावर गेलास, साहेबाला दुसऱ्या दिवशी शेत दाखवायला आणायचं होतं. मला म्हणालास, दुपारी तीनपर्यंत बी तयार ठेव, पेरणीचं यंत्र चारला येईल.

यंत्र अकराला आलं.

हरफूल ताऊंचंच यंत्र. त्यांना दुपारी ते दुसऱ्या गावाला द्यायचं होतं. अंगणात उभे राहून ओरडायला लागले, "आत्ता पेरायचं तर पेरा, नाहीतर मी चाललो! बायकांच्या चुलीची वाट बघत मी इथं बसू?" तुझे भैया त्यांच्याहून मोठ्यानं माझ्यावर ओरडले. अंगणात बारा पोती बी ताडपत्रीवर ओतलेलं. चुलीवर साधं पाणीही ठेवलेलं नव्हतं, लाकडं ओली होती. एवढा गूळ उकळायला तास, आणि गार व्हायला संध्याकाळ.

मी डबे उचलले आणि घरामागच्या यामीनच्या गुऱ्हाळावर गेले. त्यानं नुकतीच काहील उतरवली होती. म्हटलं, दोन डबे काकवी दे. गूळ म्हणजे तरी काय, काकवी आटवली की गूळ. मला वाटलं, मी हुशारी केली. यामीन म्हणाला, "भाभी, हात भाजेल, थांब जरा." मी थांबले नाही.

घरी आणून त्यात एक घागर पाणी घातलं. बोट घातलं. बोट ठेववलं नाही, ओमवीर. मी ते बाहेर काढलं, पदराला पुसलं आणि पुड्या फोडून आत ओतल्या. एकामागून एक. वाफ निघत होती. मी ढवळलं आणि बियावर ओतलं, आणि बायका बसल्या चोळायला. बी हाताला चटके देत होतं. एकजण म्हणाली सुद्धा, "अगं, गरम आहे." मी म्हटलं, "हात चालवा, ताऊ बाहेर तोंड चालवतायत." सगळ्या हसल्या.

अम्मा माझ्याकडे बघत होती. तिनं एक पुडी उचलली, आपल्या मटक्यातल्या रात्रीच्या गार पाण्यात गुळाचा खडा विरघळवला, आणि आपल्या अर्ध्या बिघ्याचं बी वेगळं चोळलं. हातानं फेकून पेरलं. तिनं तुझं बोलणं ऐकलं होतं. घरातली म्हातारी ऐकत नसते असं सगळे धरून चालतात.

तू संध्याकाळी आलास. शेतं पेरून झाली होती. तू पहिलं काय विचारलंस ते मला अजून ऐकू येतं. "भाभी, गार केलं होतंस ना?"

मी म्हटलं, "हो."

बास. एवढंच. दोन अक्षरंही नाहीत. तेव्हा मी खरं बोलले असते तर बारा एकर फिरून पेरता आले असते. कार्तिक अजून संपला नव्हता, बी मिळालं असतं. ताऊ ओरडले असते, भैयांनी हात उचलला असता, आठ दिवसांत सगळं मिटलं असतं. पण तू आनंदात होतास, आणि चौपालावर तू माझ्या हाताचं काय बोलला होतास ते सगळ्या गावाला माहीत होतं. मला त्या हाताची शरम वाटली, म्हणून मी खोटं बोलले. माझा हात वाचवायला मी तुझं तोंड दिलं.

पुढचं तू पाहिलंस. गरम चिकट काकवीनं बियाचे गोळे झाले, यंत्रात अडकले. कुठं मूठभर बी एका जागी, कुठं चार हात जमीन मोकळी. जे उगवलं त्यातलं निम्मं आधीच भाजलेलं. आणि युरिया निम्मा, मदतीला कुणी नाही, सगळे काकवीत मेलेले. पौषात शेतं पिवळी पडली. तू रात्रंदिवस त्या बांधांवर बसायचास, माती हातात घेऊन वास घ्यायचास. केंद्राचा साहेब आला, डोकं खाजवून गेला. तू मला एकदा विचारलंस, "भाभी, माझं कुठं चुकलं?" मी तुला भाकरी वाढत होते. मी म्हटलं, "खा आधी."

आणि अम्माचा अर्धा बिघा हिरवागार. तुला वाटलं तिनं जुन्या पद्धतीनं राख आणि खत घालून पेरलाय. तिनं सगळ्यांना तेच सांगितलं होतं. मी तिच्याकडे गेले, पायांवर डोकं ठेवलं, म्हटलं, "अम्मा, तुम्ही सांगा, माझ्यानं होत नाही." ती काय म्हणाली ते लिहिते, कारण ती आता नाही आणि तुला ते कळायला हवं. ती म्हणाली, "पुरुषाचं तोंड काळं झालं तर तो दुसऱ्या गावी जाऊन धुतो. तुला माझ्या इलमचंदनं घराबाहेर काढलं तर दोन पोरी घेऊन कुठं जाशील? गप्प राहा. मी माझ्या पोराला पाठीशी घालायचं की सुनेला, हे देवानं माझ्यावर टाकायला नको होतं." त्यानंतर ती तुझ्याकडे सरळ बघायची नाही. तुला वाटायचं अम्मा रागावलीय. ती रागावलेली नव्हती रे.

आता शेवटचं राहिलं. हे मी अम्मालाही सांगितलं नव्हतं.

ज्या दिवशी चौपालावर तुला बोलावलं, त्या दिवशी दुपारी ताऊंचा पुतण्या रणपाल आपल्या दारात आला. म्हणाला, "भाभी, त्या काळ्या पुड्या राहिल्यात का? दे." फळीवर तीन होत्या. मी विचारलं, "कशाला?" तो हसला. चौपालावरचा गलका मला ऐकू येत होता. तुझं नाव ऐकू येत होतं. मला कळलं नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगते. मला कळलं होतं. मी फळीवरून पुडी काढली आणि त्याच्या हातात दिली. नाही म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, तुला का एवढं लागतंय?

तीच पुडी त्यांनी तुझ्या तोंडाला फासली. मी दाराच्या फटीतून पाहिलं. तू हात वर केला नाहीस, नुसते डोळे मिटलेस, भुकटी डोळ्यांत जाईल म्हणून. त्या पुडीतले जीव जिवंत होते, ओमवीर. तेवढेच तुझ्या कामाचे उरले होते.

गावानं वाळीत टाकून तुझं हुक्का-पाणी बंद केलं, शाहपूरच्या लोकांनी तुझी सोयरीक मोडली, आणि तू एका पिशवीत दोन सदरे घालून गेलास. मी तुला वाटेसाठी पराठे बांधून दिले. तू पाया पडलास. माझ्या पाया.

जमीन देऊ नकोस. तू बरोबर होतास. ही जमीन तुझ्याच पद्धतीची वाट बघतेय, अम्मानं तुझ्याच रीतीनं पेरलेला अर्धा बिघा चार वर्षं ते सिद्ध करतोय. तू ये. मी चौपालावर येऊन सगळ्यांसमोर सांगते. मग भैयांना जे करायचं ते करू देत.

हे पत्र उद्या सकाळी स्वतः जाऊन पेटीत टाकते.

तुझी,
जगरोशनी

*

बेरखेडी
मंगळवार, २४ मार्च १९९८

ओमवीर,

या पाकिटात दोन पत्रं आहेत. पाच तारखेचं आधी वाच. ते वाचल्याशिवाय हे वाचू नकोस.

वाचलंस? मग आता तारीख पुन्हा बघ. पाच मार्च. आणि आज चोवीस.

मी ते टाकलं नाही. सकाळी उठले, पाकीट पदरात घेतलं, पेटीपर्यंत गेले. दहा तारखेला मिथलेशला बघायला शामलीचे लोक यायचे होते. मनात आलं, पत्र वाचून तू धावत येशील, भैया आकांडतांडव करतील, पाहुण्यांच्या कानावर जाईल आणि पोरीची सोयरीक मोडेल. जशी तुझी मोडली. म्हटलं, दहा तारीख जाऊ दे. पत्र पिठाच्या डब्यात ठेवलं. दहा तारीख गेली, पाहुणे पसंत करून गेले. मग होळी आली, घरात पाहुणेच पाहुणे. मग म्हटलं आता टाकून तरी वेळेवर पोचायचं नाही. खरं म्हणजे चौदा तारखेला टाकलं असतं तरी पोचलं असतं. पानिपत काही विलायतेत नाही. रोज पीठ काढताना हाताला पाकीट लागायचं आणि मी ते आणखी खाली दाबायचे.

शुक्रवारी भैया तहसिलीतून परत आले, अंगठ्याला शाई. खाटेवर बसले, पाणी मागितलं. मी विचारलं, "कसा आहे?" म्हणाले, "वाळलाय. केस पांढरे झालेत. चष्मा लागलाय." मग म्हणाले, "कागद वाचून दाखवले तेव्हा त्यानं एकच विचारलं. अम्माचा अर्धा बिघा पण यातच आला का? मी म्हटलं, हो, तुझ्या हिश्श्यातच पडतो तो. तर म्हणाला, तिथं गहू बरा यायचा. का कोण जाणे. आणि सही केली."

का कोण जाणे. एवढं तू म्हणालास आणि सही केलीस. आणि का ते लिहिलेलं माझ्या पिठाच्या डब्यात पडलं होतं.

मी तिथंच डबा आणला, पाकीट काढलं आणि तुझ्या भैयांच्या समोर वाचून दाखवलं. सगळं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मला वाटलं आता उठतील, मारतील. ते उठले नाहीत. म्हणाले, "आता सांगतेस? शाई ओली आहे माझ्या बोटाची, आणि आता सांगतेस?" आणि रडायला लागले. चोवीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मी त्याला म्हटलं होतं, स्वतः धुऊन ये."

त्या दिवसापासून ते गोठ्यात झोपतात आणि माझ्या हातचं खात नाहीत. मिथलेश वाढते तेव्हा जेवतात.

रविवारी मी चौपालावर गेले. बायका तिथं चढत नाहीत, मी खाली उभी राहिले, घुंगट मागे सारून. म्हटलं, "ताऊ, ओमवीरच्या पुड्या चांगल्या होत्या. मी गरम काकवी घातली. शिव्या द्यायच्या तर मला द्या." आधी कुणाला कळलंच नाही मी काय म्हणते. मग हरफूल ताऊंनी हुक्क्याची नळी बाजूला केली आणि म्हणाले, "दिराची माया आहे, बोलू द्या बिचारीला." सगळे हसले. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "जमीन लिहून झाल्यावर बरं आठवलं गं? परत मागायचा डाव दिसतोय हा. इलमचंद, बायकोला घरी ने."

एक यामीन उठला. तो पण म्हातारा झालाय. म्हणाला, "ताऊ, दोन डबे नेले होते तिनं. माझ्या काहिलीतले, उकळते. मी म्हटलं होतं हात भाजेल." ताऊ म्हणाले, "तू गूळ कर." मग ते उसाच्या भावावर बोलायला लागले, आणि मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या तोंडाला कुणी काही फासलं नाही, ओमवीर. मी जाताना तयारी करून गेले होते. त्यांना ते कामाचं वाटलं नाही.

त्या जमिनीत ताऊ पॉपलरची झाडं लावणार आहेत. वैशाखात खड्डे काढतील. उभं पीक आपलं आहे, तेवढं ठरलंय. अम्माचा अर्धा बिघा मी माझ्या हातानं कापीन आणि सगळं बी तुला पाठवीन, एक दाणा घरात ठेवणार नाही. तुझ्याकडे जमीन नाही हे मला माहीत आहे. मीच ती राहू दिली नाही. तरी तू ते घे. गिरणीच्या भिंतीकडेला चार हात माती असेल तर तिथं टाक. कुजलेलं खत घाल, चिमूटभर युरिया घाल, पुडी तिकडंही मिळत असेल. आणि गुळपाणी गार कर. तुला हे मी सांगायचं म्हणजे काय, पण तू मला तीनदा सांगितलं होतंस आणि मी एकदाही ऐकलं नाही, म्हणून एकदा लिहिते.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग मला भाकरी गोड लागायला लागेल. ते व्हायला नको.

उत्तर लिहिलंस तर माझ्या नावानं लिही, कार्डावर, उघडं. आता या घरात माझं लपवायचं काही उरलेलं नाही.

तू विचारलंस ना, तिथंच गहू बरा का यायचा? तिथं तुझं ऐकलं होतं, म्हणून.

जिच्या हाताची तू चौपालावर ग्वाही दिलीस ती,
जगरोशनी